शाळा सुटल्यानंतर, गॅस न पेटवता : मुलांना पौष्टिक खाऊ करायला कसे शिकवावे

पाळणाघरात, सोसायटीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छंदवर्गात किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत शाळेनंतरचे दोन-तीन तास काढणारी मुले साधारणपणे सहा ते तेरा वर्षांची असतात. त्यांच्यासाठी खाऊ करण्याचा वर्ग घ्यायचे ठरले की बहुतेक ताया आणि दादा मोबाइलवर चित्रे शोधू लागतात आणि सफरचंदाचे कासव, ब्रेडची मांजर, काकडीची आगगाडी असले प्रकार निवडतात. फोटो छान येतात, पालकही खूश होतात. मात्र कासव घडवताना निम्मे सफरचंद वाया जाते, उरलेले काळे पडते आणि ते कासव मूल घरी पुन्हा कधीही करत नाही. प्रस्तुत लेखातील पद्धत एकाच कसोटीवर उभी आहे. नऊ-दहा वर्षांचे मूल संध्याकाळी घरी आले आहे, आईबाबा अजून कामावरून परतलेले नाहीत आणि गॅसला हात लावण्याची परवानगी नाही, अशा वेळी घरातल्या नेहमीच्या जिनसांतून त्याला एकट्याने जे करून खाता येईल, तेच वर्गात शिकवावे. या कसोटीमुळे पदार्थांची यादी आपोआप आखूड होते आणि शिकवायच्या गोष्टी नेमक्या होतात.

या वेळी आपल्याकडची बरीच मुले चहा-खारी, चहा-बिस्किटे किंवा दोन मिनिटांच्या शेवया खातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण भूक कडकडून लागलेली असते आणि डब्याचे झाकण उघडण्यापलीकडे काही करण्याचे त्राण नसते. म्हणूनच शिकवलेला पदार्थ बिस्किटाच्या पुड्याइतका नाही, तरी त्याच्या जवळपास जाईल इतका सोपा असावा लागतो.

वर्ग सुरू करण्यापूर्वी

प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि घरी काय खाल्ले जात नाही. अ‍ॅलर्जीसंबंधी विचारताना ‘काही अ‍ॅलर्जी आहे का?’ असा मोघम प्रश्न पुरत नाही. शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, दूध, गहू, अंडे, सोयाबीन अशी नावे छापून त्यांपुढे खूण करायला सांगावे. एखाद्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर त्या मुलाला वेगळे बसवण्याऐवजी त्या तुकडीपुरते शेंगदाणेच बाद करावेत, कारण दाण्याचा कूट हवेत उडतो, हाताला चिकटतो आणि एकाच चमच्याने दुसऱ्या परातीत जातो. कुटाच्या जागी डाळ्यांची भरड बहुतेक ठिकाणी चालते. कांदा-लसूण कधीच किंवा एखाद्या वारी न खाणारी मुले असतील, तर त्यांच्यासाठी ऐनवेळी धावपळ करण्यापेक्षा कांद्याऐवजी काकडी घालून तोच पदार्थ सर्वांसाठी करणे सोयीचे पडते.

मोठ्या मुलांबरोबर त्यांची धाकटी भावंडे बसत असतील, तर पाच वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत. ती घशात अडकतात. द्राक्षे उभी चिरून द्यावीत, दाणे कूट करूनच द्यावेत. सर्वांनी बसून खावे, पळत किंवा लोळत खाऊ नये, हा नियम मात्र सर्व वयांना लागू आहे.

एका मोठ्या माणसामागे सहा मुले हे प्रमाण नेहमीच्या दिवशी निभावते. सुरी शिकवण्याच्या दिवशी ते चारावर आणावे. जागेबद्दल फार काळजी करण्याचे कारण नाही. ओटा किंवा उंच टेबल नसेल तर उत्तमच, कारण सतरंजीवर मांडी घालून, पुढे पाट आणि त्यावर चिरण्याचा बोर्ड घेऊन बसलेल्या मुलाचा हात स्थिर राहतो आणि हातून निसटलेली सुरी पायावर पडण्याची भीती जवळजवळ उरत नाही. बोर्डाखाली ओले फडके पसरावे, म्हणजे तो सरकत नाही. विळी मात्र वर्गात आणूच नये. घरी आजीला तिच्यावर सफाईने चिरताना पाहून मुलांना मोह होतो, पण उभ्या पात्याकडे हात नेण्याचे ते कौशल्य गर्दीत शिकवण्यासारखे नाही.

साहित्य फारसे लागत नाही. दोन मोठ्या पराती, प्रत्येक मुलामागे एक वाटी आणि एक चमचा, बोथट टोकाच्या पण दातेरी पात्याच्या लहान सुऱ्या, दोन-तीन सोलाणी, एक किसणी, लिंबू पिळणी, चाळणी, सूप, रवी आणि जड बुडाचा खलबत्ता एवढ्यावर वर्षभर वर्ग चालतो. मिक्सर नसलेला बरा. तो असला की पाच मिनिटांचे काम पाच सेकंदांत उरकते आणि बारा मुले नुसती बघत उभी राहतात.

पहिली दहा मिनिटे

शाळेतून थेट आलेल्या मुलांना लगेच परातीभोवती बसवले, तर भेळेतले फुटाणे भेळ होण्यापूर्वीच संपतात. म्हणून आधी प्रत्येकाला पाणी आणि एखाद्या फळाची फोड द्यावी आणि मगच काम सुरू करावे. हिवाळ्यात पेरू सर्वांत सोयीचा असतो. तो स्वस्त मिळतो, चिरल्यावर लगेच काळा पडत नाही आणि वजनास वजन धरले तर त्यात संत्र्याहून कितीतरी अधिक ‘क’ जीवनसत्त्व असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी कलिंगड, जूनमध्ये जांभळे, एरवी केळी असा क्रम बाजारच लावून देतो.

त्यानंतर हात धुणे. साबण लावून निदान वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसह आणि नखांखालून, हे मुलांना सांगून होत नाही. रांगेतल्या प्रत्येकाने एखादे बडबडगीत पूर्ण म्हणेपर्यंत हात चोळायचे असे ठरवले की होते. मोठे केस बांधलेले असावेत, बाह्या दुमडलेल्या असाव्यात आणि बोटाला जखम असेल तर पट्टी बांधून त्या मुलाला फळ्यावर कृती लिहिण्याचे काम द्यावे. शिंक आली तर कोपरात शिंकायचे आणि नाकाला किंवा केसांना हात लागला तर पुन्हा धुऊन यायचे, एवढे दोन नियम पहिल्याच आठवड्यात पक्के झाले पाहिजेत.

कृती फळ्यावर लिहावी आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. मापे ग्रॅममध्ये न देता वाटी-चमच्यात द्यावीत, कारण घरी मुलाच्या हाताशी वजनकाटा नसतो. सहा जणांची कृती आहे आणि आपण नऊ जण आहोत, तर पोहे किती घ्यायचे, हा हिशेब मुलांनीच करावा. चौथीतल्या मुलांना दीडपटीचा अर्थ परातीसमोर वहीपेक्षा लवकर कळतो. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीने हाताच्या कामालाच शिकण्याचे माध्यम मानले होते. वर्गात त्याची आठवण काढण्याचे कारण नाही, पण तायांनी ती ठेवली तर हिशेब स्वतःच करून टाकण्याची घाई आवरते.

कोणते काम कोणाला द्यावे

कामाची वाटणी करताना एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. एकाने सोलायचे, दुसऱ्याने किसायचे, तिसऱ्याने कालवायचे अशी वाटणी केली तर काम पटकन होते, पण सबंध पदार्थ कोणालाच येत नाही. त्याऐवजी प्रत्येक मुलाने स्वतःच्या वाटीपुरता पदार्थ पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत करावा. थोडा वेळ जास्त लागतो, पसारा होतो, चवीही वेगवेगळ्या होतात, आणि तेच हवे असते. ‘माझ्यात मीठ जास्त झाले’ हे मुलाला स्वतःच्या वाटीतूनच कळते.

सहा-सात वर्षांच्या मुलांना मटार सोलणे, कोथिंबीर निवडून हातांनी तोडणे, केळे किंवा उकडलेला बटाटा बोथट सुरीने कापणे, लिंबू पिळणे, दाण्यांची साले चोळून काढणे ही कामे जमतात. आठ ते दहा वर्षांची मुले सोलाणे, दातेरी सुरी आणि किसणी वापरू शकतात. मात्र गाजर किंवा काकडी निम्मी उरली की किसणे थांबवायचे आणि उरलेला तुकडा खाऊन टाकायचा, असा नियम ठेवावा. बोटे सोलवटतात ती शेवटच्या इंचात, आणि तो तुकडा खाऊन टाकण्याची परवानगी मिळाल्यावर नियम मोडण्याची इच्छा कोणाला होत नाही. हिरवी मिरची चिरण्याचे काम वर्गात कोणालाच देऊ नये. तिखटाचा हात डोळ्यांना लागला की उरलेला सगळा तास त्यातच जातो. जिरेपूड, मिरपूड आणि लिंबू यांनी चव पुरेशी येते.

सुरी धरण्याच्या दोन पद्धती एका स्वतंत्र दिवशी शिकवाव्यात आणि त्या दिवशी दुसरे काहीही हाती घेऊ नये. पहिली पुलाची : अंगठा एका बाजूला आणि बाकीची बोटे दुसऱ्या बाजूला ठेवून भाजी वरून धरायची, म्हणजे हाताची कमान होते आणि सुरी त्या कमानीखालून जाते. टोमॅटो, उकडलेला बटाटा यांचे दोन भाग करायला ती वापरावी. दुसरी पंजाची : बोटांची टोके आत वळवून भाजीवर टेकवायची, म्हणजे पात्यासमोर नखे न येता बोटांची पेरे येतात. काकडीच्या चकत्या करायला ही उपयोगी पडते. गोल वस्तू आधी मधोमध कापून सपाट बाजू खाली ठेवायची, सुरी देताना हातात न देता बोर्डावर ठेवायची आणि समोरच्याने उचलायची, सुरी हातात असताना उठायचे नाही. सराव केळ्यावर सुरू करून काकडीवर संपवावा. कांदा सर्वांत शेवटी, निदान महिनाभराने, आणि तोही मोठ्या मुलांकडे.

शिकवणाऱ्या व्यक्तीने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवावेत, असे मला अगदी शब्दशः सुचवावेसे वाटते. मूल वाकडे कापते, त्याला वेळ लागतो, आणि ‘आण इकडे, मी करून देते’ हे वाक्य जिभेवर येते. तुकडे लहानमोठे झाल्याने कोशिंबिरीचे काहीही बिघडत नाही. हात पुढे करायचा तो फक्त धोका दिसला तर.

तरीही कापणे-चिरणे आले की कधीतरी बोट कापणारच. जखम वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी आणि पट्टी लावावी. त्या बोर्डावरचे सगळे टाकून द्यावे. भाजले तर तो भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. त्यावर टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

चार पदार्थ

पहिला पदार्थ काकडीची कोशिंबीर असावा, कारण तिच्यात सोलणे, चिरणे, कालवणे आणि चव घेणे ही चारही कामे येतात. दोन मुलांत एक काकडी पुरते. काकडी सोलून, चकत्या करून, मग त्यांचे बारीक तुकडे करायचे. त्यात दोन चमचे दाण्याचा कूट, एक चमचा खवलेले खोबरे, चिमूटभर साखर, कोथिंबीर आणि लिंबाचा रस घालायचा, आणि मीठ अगदी खाण्याच्या वेळी. हे शेवटचे का, ते मुलांना सांगू नये, दाखवावे. एका वाटीतल्या काकडीला आधीच मीठ लावून ठेवावे आणि दुसरी तशीच ठेवावी. दहा मिनिटांनी पहिल्या वाटीत पाणी साचलेले दिसते. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि मीठ ते बाहेर ओढून घेते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल घरच्या कोशिंबिरीवर मोठ्या अधिकाराने बोलू लागते.

दुसरा पदार्थ दडपे पोहे. माझ्या मते या सबंध उपक्रमासाठी कोकणातल्या या पदार्थाइतका योग्य दुसरा पदार्थ नाही. त्याला शेगडी लागत नाही, जिन्नस घरोघरी असतात, पोट भरते आणि कृती चुकण्याला फारशी जागा नाही. सहा मुलांसाठी चार वाट्या पातळ पोहे, एक वाटी खवलेले ओले खोबरे, एक मध्यम कांदा, एक टोमॅटो किंवा काकडी, एक लिंबू, पाव वाटी भाजलेले दाणे, मूठभर कोथिंबीर, पाऊण चमचा मीठ आणि अर्धा चमचा साखर एवढे साहित्य घ्यावे. खोबरे तायांनी आधी खवून आणावे आणि त्याच दिवशी वापरावे. उन्हाळ्यात ते लवकर आंबते.

आधी पोहे चाळून निवडायचे. भिजवायचे मुळीच नाहीत. कांदा, टोमॅटो, खोबरे, मीठ, साखर आणि लिंबाचा रस परातीत एकत्र करून हाताने चांगले चुरायचे आणि पाच मिनिटे ठेवायचे, म्हणजे त्याला पाणी सुटते. कोशिंबिरीच्या दिवशी जे पाणी नको होते, तेच आज हवे आहे, हे मुलांच्या लक्षात येते का ते पाहावे. मग त्यात पोहे मिसळून सगळे हाताने दाबून बसवायचे, वर ताट पालथे घालायचे आणि ताटावर पाण्याने भरलेला तांब्या किंवा खलबत्ता ठेवायचा. पंधरा-वीस मिनिटांत पोहे मऊ होतात. कोरडे वाटले तर नारळाचे किंवा साधे पाणी दोन-तीन चमचे शिंपडावे. वरून दाणे आणि कोथिंबीर. मूळ कृतीत यावर फोडणी ओततात आणि सोबत पोह्याचा पापड देतात. मोठे माणूस घरी असताना ती फोडणी जरूर द्यावी, पण तिच्याविनाही पदार्थ पुरा लागतो. पोहे न शिजवता कसे खाता येतात, असा प्रश्न एखादे मूल विचारतेच. भात म्हणजे साळ भिजवून, भाजून आणि मग चेपून पोहे करतात, त्यामुळे दाणा आधीच शिजल्यासारखा झालेला असतो आणि त्याला फक्त ओल हवी असते, हे त्याला सांगावे. प्रत्येकाने आपापल्या वाटीत करायचे ठरवल्यास प्रत्येक वाटीवर एक बशी आणि बशीवर पाण्याचा पेला ठेवावा. परिणाम तोच होतो.

तिसरा पदार्थ मोड आलेल्या मुगाची भेळ, आणि तो तीन दिवसांचा आहे. पहिल्या दिवशी मुलांनी मूग निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात भिजत घालावेत. एक वाटी मुगाचे फुगून अडीच-तीन वाट्या मोड होतात, त्यामुळे हावरेपणा करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तायांनी ते उपसून ओल्या फडक्यात बांधावेत. संध्याकाळी मुले पुरचुंडी सोडून पाहतात, मूग एकदा धुतात आणि पुन्हा बांधतात. तिसऱ्या दिवशी भेळ. पुण्या-नाशिकच्या थंडीत मोडांना एखादा दिवस अधिक लागतो, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून उबेला ठेवावी.

येथे एक काळजी घ्यायची आहे, जिच्याकडे घरोघरी दुर्लक्ष होते. मोड कच्चे खाणे पौष्टिक असे आपण ऐकत आलो असलो, तरी ज्या उबेत आणि ओलीत मोड येतात त्याच उबेत आणि ओलीत पोट बिघडवणारे जिवाणूही वाढतात, आणि नुसते धुऊन ते जात नाहीत. म्हणून मुलांना द्यायचे मोड पाच-सात मिनिटे वाफवूनच घ्यावेत. हे काम मोठ्यांचे आहे. घरीही सकाळी कोणीतरी मूग वाफवून फ्रिजमध्ये ठेवले, तर संध्याकाळची भेळ मूल एकटे करू शकते. एका मुलासाठी दीड वाटी कुरमुरे, अर्धी वाटी वाफवलेले मूग, दोन चमचे फुटाणे किंवा दाणे, बारीक चिरलेली काकडी-टोमॅटो, लिंबू, मीठ आणि जिरेपूड घ्यावी. लिंबू केवळ चवीसाठी नाही. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे मुगातले लोह शरीरात अधिक शोषले जाते. याच कारणाने भेळेबरोबर चहा नको, कारण चहातील टॅनिनमुळे लोह शोषले जाण्यात अडथळा येतो. शेव-फरसाण घालायचे की नाही, यावर वर्गात वाद होईल. मी स्वतः एक चमचा शेव घालू देते. शेव नसलेली भेळ मुलाने घरी पुन्हा केली नाही, तर तिच्या पौष्टिकपणाचा उपयोग कोणाला?

चौथा पदार्थ शेंगदाण्याचे लाडू. भाजलेले दाणे गार झाल्यावर हातांनी चोळायचे आणि सुपात पाखडून साले उडवायची. सूप कसे हलवायचे हे एखाद्या आजीला बोलावून दाखवून घ्यावे, आणि ते अर्थातच हॉलच्या बाहेर, अंगणात करावे. मग खलबत्त्यात कुटणे. दाण्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असते, त्यामुळे कुटत राहिले की कूट ओलसर होतो आणि तूप न घालता लाडू वळतात. दोन वाट्या कुटाला पाऊण वाटी किसलेला गूळ पुरतो. लाडू लहान लिंबाएवढा असावा आणि एकेकाला एकच मिळावा. गूळ म्हणजे साखर नव्हे, तो कितीही चालतो, असा समज पालकांतही आहे. प्रत्यक्षात गूळ ही साखरच आहे, आणि त्यातली खनिजे एका लाडवातून मिळून मिळून किती मिळणार! लाडू पौष्टिक आहे तो दाण्यांमुळे, ज्यांत सुमारे २५ टक्के प्रथिने असतात.

ताक, केळ्याचे शिकरण, मेतकूट घालून दही-पोहे, दुधात कालवलेले सातूचे पीठ हे पदार्थ वेगळे शिकवण्याची गरज नाही; वरच्या एखाद्या पदार्थासोबत ते पाच-दहा मिनिटांत होतात. ताकासाठी रवी सर्वांच्या हाती येईपर्यंत वेळ जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत एक भाग दही आणि तीन भाग पाणी घालून हलवायला द्यावे.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा शेगडीकडे ओढा असतोच. त्यांच्यासाठी सत्राच्या शेवटी भाजणीच्या थालीपिठाचा एक दिवस ठेवावा, शेगडी इंडक्शनची घ्यावी आणि तिच्याजवळ एका वेळी एकच मूल व एकच मोठे माणूस असावे. ज्वाळा दिसत नसली तरी तवा तितकाच तापलेला असतो, हे आधी सांगावे.

खाताना काय बोलावे

चवीचा नियम सोपा ठेवावा : एक घास घेऊन पाहायचा, नाही आवडला तर सोडायचा. आग्रह नको, बक्षीस नको. तीन वेळा बाजूला सारलेला मूग चौथ्या वेळी मूल खाते, विशेषतः तो त्याने स्वतः बांधलेला असेल तर. कोणाच्याही अंगकाठीवर, वजनावर किंवा डब्यावर शेरा मारू नये आणि मुलांनाही मारू देऊ नये. वडापावाला वाईट म्हणू नये. मुलाचे वडील त्याच गाडीवर उभे असू शकतात.

पाकिटांविषयी बोलायचे असेल, तर उपदेशाऐवजी पाकीटच हातात द्यावे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. पण एकावन्नाव्या मीटरवरची टपरी मुलांना चांगलीच ठाऊक असते. म्हणून मुलांनी घरून रिकामी पाकिटे आणावीत आणि दोनच गोष्टी शोधाव्यात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, तेव्हा पहिल्या तिघांत साखर किंवा तेल आहे का, हे पाहावे. दुसरे, १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे साखर किती, हे पाहून तिचे चमचे मोजावेत. एका सपाट चहाच्या चमच्यात सुमारे चार ग्रॅम साखर मावते. समजा फळाच्या पेयाच्या २०० मिलिलिटरच्या खोक्यावर १०० मिलिलिटरमागे १२ ग्रॅम लिहिले असेल, तर खोक्यात २४ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे झाले. ते सहा चमचे पांढऱ्या बशीत काढून खोक्याशेजारी ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेल्या मर्यादेप्रमाणे, वरून घातलेल्या आणि मध-फळरसातल्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी. दिवसाला १,६०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ही मर्यादा ४० ग्रॅमवर, म्हणजे दहा चमच्यांवर येते, आणि लाडवातला गूळही त्यातच मोजायचा असतो. हा हिशेब मोठ्या मुलांपुरता ठेवावा. सात वर्षांच्या मुलाला कॅलरी मोजायला शिकवू नये. त्याला बशी पुरेशी आहे.

आवराआवर आणि घर

शेवटची पंधरा मिनिटे आवरण्यासाठी राखून ठेवावीत आणि ती कोणत्याही कारणाने आखडू नयेत. प्रत्येकाने आपली वाटी, चमचा आणि बोर्ड धुवावा, साले ओल्या कचऱ्यात टाकावीत, सतरंजी झटकावी. मुलींनी भांडी आणि मुलांनी सतरंजी अशी वाटणी नकळत होऊ लागते, तेव्हा पाळी लिहून भिंतीवर लावावी. कापलेली फळे, भेळ किंवा पोहे उरले तर घरी नेण्यासाठी डब्यात भरू नयेत; असे पदार्थ बाहेर दोन तासांहून अधिक आणि कडक उन्हाळ्यात तासाहून अधिक ठेवणे योग्य नाही. उरणारच नाहीत इतपत बेताने करणे हाच त्यावरचा मार्ग आहे.

पदार्थ नव्हे, तर मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली कृतीची चिठ्ठी घरी जावी. पालकांना त्यासोबत एक निरोप द्यावा : पोह्यांचा, दाण्याच्या कुटाचा आणि डाळ्यांचा डबा मुलाचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवा, आठवड्यातून एकदा ते पदार्थ त्याला करू द्या आणि करताना मध्ये बोलू नका. पुष्कळ घरांत अडचण मुलाची नसून फळीच्या उंचीची असते.

पुढच्या आठवड्यात, हात धुण्यापूर्वी, कोणी काय घरी केले ते विचारून वहीत तारखेसह लिहून ठेवावे. कोणी केले नसेल तर रागावू नये, फक्त का जमले नाही ते विचारावे : लिंबू नव्हते, सुरी वापरू दिली नाही, भाऊ हसला. दोन-अडीच महिन्यांनी या नोंदी वाचल्या की कोणता पदार्थ घरी पोचला आणि कोणता वर्गातच राहिला ते कळते. जो एकाही घरात झाला नाही, तो पुढच्या तुकडीच्या यादीतून काढावा, आणि त्याच्या जागी काय घ्यायचे हे जुन्या तुकडीतल्या मुलांना विचारावे.